इलाज आहे, पण तो अर्ध्यावर सुटू नये

लहान मुलांनाही कॅन्सर होतो. एवढं साधं वाक्य आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात अजून मोठ्याने बोललं जात नाही. ‘वो बिमारी’ म्हणून कुजबुज होते, कुणीतरी ‘अल्लाह रहम करे’ म्हणतं आणि विषय बदलला जातो. ज्या घरात ते मूल असतं, त्या घराला विषय बदलता येत नाही. पुढची दोन-तीन वर्षं त्या घरात दुसरा विषयच नसतो.

२००२ पासून दरवर्षी १५ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन पाळला जातो. सप्टेंबर महिनाही या आजाराच्या जागृतीसाठी राखलेला आहे. त्याची खूण सोनेरी फीत. मी आटपाडीचा. आमच्या आटपाडी-खानापूर भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत, त्यामुळे सोनेरी रंगाचं मोल आम्हाला कुणी शिकवायला नको. पण फीत लावून आणि स्टेटस ठेवून जागृती होत नाही. जागृती म्हणजे नेमकं काय कळायला हवं आणि कळल्यावर कुणी काय करायला हवं, हे या लेखात सरळ मांडायचं आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: मुलांचा कॅन्सर बहुतेक वेळा बरा होऊ शकतो, पण आपल्याकडे मूल वाचेल की नाही हे औषधाइतकंच त्याचं घर किती दिवस तग धरतं यावरही ठरतं. घराला तग धरायला मदत करणं हे काम डॉक्टरांचं नाही, ते तुमचं-माझं आहे.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. आजार तोच, औषधंही बहुतेक तीच, आणि त्यांतली बरीच औषधं जुनी आहेत. मग एवढी तफावत का? संघटनेने दिलेली कारणं आपल्या ओळखीची आहेत: निदानच न होणं, चुकीचं किंवा उशिरा निदान होणं, उपचारापर्यंत पोचता न येणं, उपचार मधेच सोडणं आणि उपचारांचे दुष्परिणाम सांभाळता न येणं. म्हणून २०१८ मध्ये संघटनेने बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला. २०३० पर्यंत जगातली किमान ६० टक्के बाधित मुलं वाचावीत, हे त्याचं उद्दिष्ट आहे.

आटपाडीच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळच्या टेंभूला उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने आमच्या दुष्काळी माणदेशात आणायचं, यासाठी आमच्या वडीलधाऱ्यांची हयात गेली. समन्यायी पाणीवाटपाची चळवळ याच मातीत उभी राहिली. नदीला पाणी आहे म्हणून शेवटच्या शेतकऱ्याच्या रानात ते आपोआप पोचत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो. मुंबईच्या परळमध्ये इलाज आहे म्हणून तो आटपाडीच्या मुलापर्यंत आपोआप पोचत नाही. मधला पाट कुणीतरी खणावा लागतो.

आईवडिलांची चूक नाही

मोठ्या माणसांच्या कॅन्सरबद्दल आपण ऐकतो ते तंबाखू, मावा, विडी, दारू यांच्या संदर्भात. मुलांचा कॅन्सर वेगळा आहे. तो मुलाच्या किंवा आईबापाच्या कुठल्या सवयीने होत नाही. शरीर वाढत असताना पेशींमध्ये होणाऱ्या बिघाडातून तो होतो आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत नेमकं कारण सांगता येत नाही. आनुवंशिक कारण थोड्याच मुलांमध्ये सापडतं. डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर काही घरांत आनुवंशिक असतो, म्हणून डॉक्टर भावंडांचेही डोळे तपासायला सांगतात.

हा आजार संसर्गजन्य नाही. त्या मुलाच्या ताटात जेवल्याने, त्याच्याशेजारी बसल्याने, त्याची गळाभेट घेतल्याने तो कुणाला होत नाही. उलट औषधांमुळे त्या मुलाची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते आणि आपल्या सर्दी-खोकल्याचा त्याला धोका असतो. म्हणून जायचंच तर हात धुऊन जा, आजारी असाल तर जाऊ नका. पण भीतीने त्या घराकडे पाठ फिरवू नका.

आईला तर फार सोसावं लागतं. ‘पोटात असताना काय खाल्लं होतंस’, ‘ग्रहण पाळलं नाहीस का’, ‘कुणाची नजर लागली’, असे प्रश्न तिलाच विचारले जातात. या प्रश्नांना कसलाही आधार नाही. विचारणारे आपलेच नातेवाईक असतात, म्हणून त्यांना थांबवायचं कामही आपलंच आहे.

लक्षणं: घाबरायचं नाही, टाळायचंही नाही

पुढची लक्षणं दिसली की कॅन्सरच आहे, असा अर्थ नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पण ती टिकून राहिली, वाढत गेली किंवा दोन-तीन लक्षणं एकत्र आली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये.

दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळणारा किंवा पुन्हा पुन्हा येणारा ताप. मूल पांढरंफटक पडणं, लवकर दमणं. मार न लागता अंगावर निळे-काळे डाग पडणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं. रात्री झोपेतून उठवणारं हाडांचं दुखणं, विनाकारण लंगडणं. मान, काख किंवा जांघेतली गाठ जी कमी होत नाही. पोटात हाताला लागणारा गोळा. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं आणि उलटी होणं, चाल अडखळणं. बुबुळाच्या मधोमध पांढरी चमक दिसणं किंवा नव्याने आलेला तिरळेपणा. कारण नसताना वजन उतरणं.

पांढऱ्या चमकेबद्दल थोडं जास्त सांगतो. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत बहुतेकदा डोळे लाल दिसतात. एकाच डोळ्यात लाल रंगाऐवजी पांढरट चकाकी वारंवार दिसत असेल, तर मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे न्या. डोळ्याचा हा कॅन्सर लवकर सापडला तर जीव वाचतो आणि बऱ्याचदा नजरही वाचते. आज प्रत्येक घरात मोबाईल आहे. ईदचे फोटो नीट बघणं हीदेखील एक तपासणी ठरू शकते.

आपल्याकडच्या तीन सवयी इथे घातक ठरतात. पहिली, पोटात गोळा लागला की कुणाकडून तरी पोट चोळून घेणं. मूत्रपिंडाची गाठ असेल तर दाबल्याने ती फुटू शकते. दुसरी, ताप आणि सांधेदुखीवर कुठलीही तपासणी न करता स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या घेणं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये स्टेरॉइडने मुलाला काही दिवस बरं वाटतं, आजार झाकला जातो, निदान लांबतं आणि उपचार अवघड होतो. तिसरी, गाठ आहे म्हणजे टीबीच असणार, असं धरून तुकडा न तपासता महिनोन्महिने टीबीची औषधं चालू ठेवणं. रक्ताची साधी तपासणी आटपाडीतही होते. पहिली पायरी तिथेच आहे.

शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची तपासणी करायला येतं. या कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून झाली. ते पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि मनातली शंका त्या डॉक्टरांना विचारा.

ही औषधं परकी नाहीत

‘केमो’ म्हटलं की आपल्याकडे जहर, असा अर्थ घेतला जातो. ही औषधं कुठून आली, हे थोडं जाणून घेतलं तर भीती कमी होईल.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या आणि गरीब वस्त्यांत राहणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग व्हायचा. गरीब मुस्लिम बायकांमध्ये त्याचं प्रमाण विशेष होतं. त्यांच्या आहाराचा अभ्यास करताना विल्स यांना आढळलं की यीस्टच्या अर्काने या बायका सुधारतात. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर बाईला आशाताई ज्या गोळ्या देतात, त्यांत तोच असतो.

पुढचं पाऊल उचललं ते भीमावरमला जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि त्याला अडवणारी औषधंही बनवली. कॅन्सरच्या पेशींना वाढायला फॉलिक ॲसिड लागतं, मग तेच अडवलं तर? बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी यातलं एक औषध रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं. त्याआधी ही मुलं काही आठवड्यांत दगावत. १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला होता. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना दिलं जातं.

दुसरं औषध व्हिन्क्रिस्टिन. ते येतं सदाफुलीपासून. होय, तीच सदाफुली जी आटपाडीच्या कडक उन्हातही दारासमोरच्या डब्यात फुललेली असते. पण म्हणून कुणी सदाफुलीचा काढा करून मुलाला पाजू नये. त्या झाडात अनेक विषारी द्रव्यं आहेत. ढीगभर पानांतून चिमूटभर औषध शुद्ध करून काढावं लागतं आणि ते थेंबाच्या हिशेबाने द्यावं लागतं. जंगलातली जडीबुटी देतो म्हणणाऱ्याकडे ना ती मोजणी असते, ना दुष्परिणाम सांभाळायची सोय.

घराचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा आहे. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. पहिले काही महिने रुग्णालयात आणि रुग्णालयाच्या जवळ राहावं लागतं. नंतर रोजच्या गोळ्या आणि ठरावीक दिवसांनी फेरी.

आटपाडीतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. मुलाणी, तांबोळी, नदाफ, अत्तार, शिकलगार, कुणाचंही. वडिलांचं बाजारपेठेत छोटं दुकान किंवा गॅरेज. आई शिवणकाम करते. दोन मुलं, एक आजारी. आटपाडीत रेल्वे नाही. सांगली-मिरजेला जायचं तर दिवस मोडतो, मुंबईला जायचं तर रात्र. मिरजेला, कोल्हापूरला, बार्शीला कॅन्सर रुग्णालयं आहेत. बार्शीच्या रुग्णालयाला नर्गिस दत्त यांचं नाव आहे. पण मुलांच्या आजारात अनेकांना पुण्या-मुंबईला पाठवलं जातं.

वडील सोबत गेले की दुकान बंद. रोजची कमाई थांबते आणि खर्च दुप्पट होतो: मुंबईत खोलीचं भाडं, जेवण, रिक्षा, योजनेत न बसणाऱ्या तपासण्या. आधी आईचे दागिने जातात, मग शेळ्या, मग दुकानाचं सामान, मग हातउसने, मग व्याजाने. दुसरं मूल नानीकडे. त्याची शाळा, त्याचं आजारपण, त्याचं रुसणं बघायला कुणाला वेळ नसतो. आपली अम्मी परत कधी येणार, हे त्याला कुणी नीट सांगत नाही.

आणि मग दीड-दोन महिन्यांनी एक चांगली बातमी येते. रिपोर्ट स्वच्छ आला. मूल हसतंय, खातंय. घरात आनंद होतो. सगळ्यांत धोक्याची वेळ हीच. कारण हातात पैसा उरलेला नसतो, मूल बरं दिसत असतं आणि घरातलं कुणीतरी मायेपोटी म्हणतं, ‘अब कितनी सुई देते बच्चे को, बस करो.’ उपचार तिथे सुटतो. खरं तर सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झाल्या तरी शरीरात त्या कोट्यवधींनी उरलेल्या असू शकतात. उरलेला उपचार त्यांच्यासाठीच असतो. सोडलेला आजार परत येतो तेव्हा आधीपेक्षा चिवट होऊन येतो.

उपचार सोडणारे आईबाप निष्काळजी नसतात. ते थकलेले आणि कंगाल झालेले असतात. याचा पुरावा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातच आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात दूरदूरची मुलं येतात. २००९ च्या सुमारास तिथे पाचातलं साधारण एक मूल उपचार नाकारून किंवा मधेच सोडून जात असे. मग रुग्णालयाने प्रत्येक कुटुंबाकडे वेगळं लक्ष द्यायला सुरुवात केली. पैशांची जुळवाजुळव, राहायची सोय, पोषण, समुपदेशन, रक्ताची व्यवस्था, आणि फेरी चुकली की घरी फोन. काही वर्षांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं. यात नव्या औषधाचा भाग नव्हता. आईबापही तेच होते, त्यांना आधार मिळाला, इतकाच फरक.

राहण्याच्या बाबतीतही असंच. २००६ मध्ये मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सचं काम सुरू झालं. बाहेरगावाहून आलेल्या बालरुग्णाच्या कुटुंबाला तिथे विनामूल्य खोली मिळते, रेशन मिळतं, आई आपल्या हाताने आपल्या चवीचा स्वयंपाक करू शकते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षं कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देत आली आहे. तिथे कुणाची जात-धर्म विचारली जात नाही. मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाने फुटपाथवर पथारी टाकण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन ही चौकशी करावी.

हक्काचं आहे ते आधी घ्या

मदतीसाठी हात पसरण्याआधी हक्काचं काय आहे ते माहीत हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता ती राज्यभर आहे आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे. २०२३ मध्ये सरकारने ती सर्व रेशनकार्डधारकांना, पांढऱ्या कार्डासहित, लागू करायचा आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवायचा निर्णय घेतला. कॅन्सरवरचे अनेक उपचार तिच्यात बसतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. त्याला आधी भेटा. याशिवाय मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो.

प्रवासातही सवलत आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. एसटीतही रुग्णाला सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

आपल्याकडे अडतं ते बहुतेकदा कागदावर. बाळाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलं नसतं. आधारवर एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर दुसरं. एका कागदावर आडनाव शेख, दुसऱ्यावर मुलाणी. ऐन संकटात हे दुरुस्त करायला तहसीलच्या फेऱ्या माराव्या लागतात आणि आजार थांबत नाही. आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या मुलांची नावं कागदोपत्री सारखी आहेत का, हे बघणं हे एका रविवारचं काम आहे. कॉलेजमधल्या चार मुलामुलींनी मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे.

मुली कुठे आहेत

एक कटू गोष्ट बोलायलाच हवी. भारतातल्या रुग्णालयांत उपचारासाठी येणाऱ्या बालरुग्णांमध्ये मुलगे मुलींपेक्षा ठळकपणे जास्त असतात. काही प्रकारचे कॅन्सर मुलग्यांमध्ये थोडे जास्त होतात, हे खरं. पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघत नाही. उरलेला फरक म्हणजे त्या मुली, ज्यांना कुणी मोठ्या रुग्णालयापर्यंत नेलंच नाही.

कारणं आपल्याला ठाऊक आहेत. मुलीवर एवढा खर्च कशाला. केस गेले तर लोक काय म्हणतील. पुढे लग्न कसं जमेल. म्हणून गुपचूप राहा. केस परत येतात. बरी झालेली असंख्य मुलंमुली शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. काहींना उपचारांचे दूरगामी परिणाम होऊ शकतात, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते, पण ती बाब डॉक्टरची आहे, गल्लीतल्या चर्चेची नाही. मुलीचा जीव तिच्या लग्नाच्या बाजारभावाने मोजणारा समाज कितीही नमाजी असो, त्याला स्वतःकडे बघायची गरज आहे.

दुआ आणि दवा

आजारी मुलाच्या घरात दम केलेलं पाणी येतं, ताबीज येतो, दर्ग्याची मन्नत बोलली जाते. त्यातून आईला धीर मिळत असेल तर तिच्याशी वाद घालायला मी जाणार नाही. पण दुआ दव्याच्या जागी नाही, दव्याच्या सोबत असते. इलाज करणं हे अल्लाहवरच्या भरवशाच्या आड येत नाही, हे आपले जाणते उलेमा सांगत आले आहेत. जो कुणी, मग तो बाबा असो की हकीम, ‘रुग्णालय सोड, मग मी बरा करतो’ म्हणतो, तो त्या मुलाचा वेळ चोरतो. अशा माणसाला गावात जागा मिळू नये.

आपल्याकडे जकात आहे. ती कुणाला द्यायची याचे आठ प्रकार कुरआनात सांगितले आहेत. गरीब आणि गरजू तर त्यांत आहेतच, शिवाय कर्जात बुडालेला आहे आणि वाटेत अडकलेला मुसाफिर आहे. मुलाच्या उपचारासाठी गाव सोडून मुंबईच्या फुटपाथवर आलेला, कर्जाने वाकलेला बाप यांतल्या किती प्रकारांत बसतो, ते तुम्हीच मोजा. रमजानमध्ये आपल्या तालुक्यातून जकात निघते, ती पाच-पन्नास रुपयांच्या वाटणीत विखुरते. एकदा दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा अशा घराला दोन वर्षं दर महिन्याला येणारी ठरावीक रक्कम जास्त उपयोगी पडते, कारण उपचार सुटतो तो पहिल्या महिन्यात नाही, सातव्या-आठव्या महिन्यात, जेव्हा सगळ्यांची सहानुभूती संपलेली असते. जकातीच्या वापराबद्दल शंका असेल तर उलेमांना विचारा. सोबत सदक्याचा वेगळा हिस्सा ठेवा, म्हणजे शेजारच्या धनगरवाड्यातलं किंवा बौद्धवाड्यातलं मूल आजारी पडलं तर मदत करताना कुठला प्रश्न पडणार नाही.

तरुणांनी काय करायचं

पैसे नसलेल्या तरुणांकडेही या मुलांना देण्यासारखं बरंच आहे.

रक्त. या मुलांना रक्त आणि प्लेटलेट वारंवार लागतात. प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही, देणारा माणूस त्या वेळी हजर लागतो. आटपाडीची जी मुलं मुंबई, पुणे, मिरज, कोल्हापूरला शिकायला-नोकरीला आहेत, त्यांनी आपली नावं आणि रक्तगट एका यादीत नोंदवून ठेवावेत. रमजानमध्ये रोजे असतात, म्हणून आपला हात मागे पडतो. इफ्तारनंतर पोटभर जेवून, पाणी पिऊन रक्त देता येतं.

ओळखी. गलाईच्या धंद्यामुळे आटपाडी-खानापूरचा माणूस सापडत नाही, असं मोठं शहर विरळाच. हिंदू काय, मुसलमान काय, परगावी आमचा माणूस आमच्या माणसाला भेटला की आधी गावाची चौकशी करतो. हेच नातं वापरा. परळला किंवा खारघरला उतरलेल्या कुटुंबाला पहिल्या दिवशी कुणीतरी भेटलं, रांग कुठे लागते ते दाखवलं, फॉर्म भरून दिला, तरी त्यांचं अर्धं भय जातं.

मागे राहिलेलं घर. दुसऱ्या मुलाची शाळा, त्याचा अभ्यास, त्याचा डबा. बंद पडलेलं दुकान आठवड्यातून दोन दिवस तरी उघडं ठेवता येईल का ते बघा. आजीला औषध आणून द्या. या कामांना कुठल्याही संस्थेची नोंदणी लागत नाही.

ताप. उपचार चालू असलेलं मूल गावी आलं आणि त्याला ताप आला, तर ती आणीबाणी समजा. सकाळपर्यंत थांबायचं नाही, घरी पॅरासिटामॉल देऊन बघत बसायचं नाही. त्याच रात्री रुग्णालय गाठायचं आणि मूल केमोवर आहे, हे तिथे पहिल्या वाक्यात सांगायचं. अशा घराजवळ गाडी असलेल्या दोन तरुणांचे नंबर हवेत.

शाळा. केस गेलेलं, सुजलेलं मूल वर्गात परततं तेव्हा त्याला चिडवलं गेलं तर ते पुन्हा शाळेत येत नाही. गुरुजींशी आणि बाईंशी आधी बोला. वर्गाला सांगा की याला छातीत मारायचं नाही, याच्याशी खेळायचं आहे.

आणि शेवटी, बोला. जुम्म्याच्या खुत्ब्याआधी मौलानांना पाच मिनिटं मागा. मोहल्ल्यात एखाद्या बालरोगतज्ज्ञांना बोलवा. बचत गटात, शाळेच्या पालकसभेत ही लक्षणं वाचून दाखवा. बायकांसमोर बोलायला बायकांनीच पुढे यावं. मुलाचा ताप, त्याच्या अंगावरचा डाग, त्याच्या पोटातला गोळा सर्वांत आधी आईच्या हाताला लागतो. तिला हे माहीत असेल तर कितीतरी आठवडे वाचतील.

काही मुलं सगळं करूनही जातात. त्या घरांजवळही आपण हवेत. फक्त तीजेच्या जेवणापुरते नव्हे, कर्ज फिटेपर्यंत. पण जी मुलं वाचू शकत होती आणि केवळ भाडं, प्रवास, कागद किंवा लाज यांच्यापायी गेली, त्यांच्याबद्दल आपण ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून गप्प बसू नये. त्यातला आपला वाटा आपण आधी उचलला होता का, एवढं प्रत्येकाने स्वतःला विचारावं.